न कापलेलं झाकण

गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारत नाही. धाकटा भाऊ ताई म्हणतो, म्हणून ती सगळ्यांचीच ताई. पंच्याहत्तरीचे गृहस्थसुद्धा गाडी बंद पडली की न लाजता ताई म्हणतात. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढून तिने घराला लागूनच पत्र्याची शेड टाकली, आणि तेव्हापासून गल्लीतल्या पुरुषांची पंचाईत झाली. बोनेट उघडायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि ‘करंट येत नसावा’ असं काहीतरी पुटपुटायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सोय गेली. ताई खिडकीतून बघत असते.

घरात कारभार उलटा. नवरा कचेरीतून आला की पीठ मळतो, ती इंजिनं खोलते. ह्यावर गल्लीत बरीच वर्षं हसून झालं. मग हसणाऱ्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे रोखून बघायला लागल्या, तेव्हा तो विषय आपोआप मिटला.

तर गोष्ट आहे भावाच्या गाडीची. दोन दारांची, वीस वर्षांपूर्वीची, वाऱ्याशी पैजा लावणारी गाडी. ठोकलेली मिळाली होती. बहीणभावांनी सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून ती पायावर, म्हणजे चाकांवर, उभी केली. डोंगरावरच्या वळणांच्या रस्त्यावर वर्षातून एकदा शर्यत भरते. एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. भाऊ ज्या गटात उतरतो त्याचा नियम एका ओळीचा: बोनेटच्या आत इंजिनवर जे झाकण असतं ते कंपनीचं आणि अखंड हवं, त्याखाली काय बसवाल ते तुमचं. थोडक्यात, दिसायला गरीब गाय, पोटात वाघ.

गेल्या वर्षी भाऊ हा वाघ बसवायला गेला आणि फसला. इंजिनला हवा पुरवणारी प्लास्टिकची पेटी काढून त्याने बाहेरची, अॅल्युमिनियमची मोठी पेटी आणली. ती उंच निघाली. वर झाकण बसेना. ताई नेमकी चार दिवस मैत्रिणीकडे गेलेली. पठ्ठ्याने झाकणाचा मागचा कोपराच कापला, त्यावर काळी पट्टी चिकटवली आणि निघाला छाती काढून. तपासनीसाने पट्टीखाली नख घातलं. चारचौघांत नाव खोडलं आणि वहीत शेरा मारला: पुन्हा असं घडल्यास गाडी कायमची बाद.

भाऊ आठवडाभर कुणाशी बोलला नाही. ताई त्याच्याशी तीन आठवडे बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

असली झाकणं आता कुणी बनवत नाही. आठ महिने भंगाराची आवारं पालथी घालून ताईने एक मिळवलं, मागून चेपलेल्या एका गाडीचं. एक ओरखडाही नव्हता त्यावर. चादरीत गुंडाळून तिने ते शेडच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि भावाला सांगून टाकलं, “ह्याला ग्राइंडर लागला, तर ह्या शेडमध्ये तुझं पाऊल पडायचं नाही.”

शर्यतीला सात आठवडे होते. पेटी मूळच्या पेटीपेक्षा अकरा मिलिमीटरने उंच होती. झाकण एकच होतं.

झाकणाखाली कुठे किती जागा आहे हे डोळ्यांना दिसत नाही, कारण झाकण लावलं की आतलं सगळं झाकलं जातं. (झाकणाचा तोच तर धंदा.) म्हणून ताईची रीत अशी की मळलेल्या कणकेच्या गोळ्या पेटीवर जागोजागी ठेवायच्या, झाकण दाबून बसवायचं, मग हळूच काढायचं आणि कुठली गोळी किती चपटी झाली ते मोजायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी शेडमधून हाक यायची, अहो, आज जरा घट्ट मळा, काल चिकटत होती. आणि स्वयंपाकघरातून तितक्याच शांतपणे विचारणा व्हायची, खायला की इंजिनला? इंजिनच्या कणकेत तेल जास्त लागतं, हे आता गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

पहिल्या दिवशी मागच्या कोपऱ्यातली गोळी कागदासारखी पातळ निघाली. म्हणजे जागा शून्य. भाऊ म्हणाला, झाकणाच्या आतल्या कडा थोड्या घासू, वरून कुणाला कळणार आहे? ताईने पाना खाली ठेवला. त्या वेळी तिचा चेहरा असा झाला होता की कणीक तिंबायची ती आता भावाचीच, असं वाटावं. पण ती एवढंच म्हणाली, “कळलं नाही म्हणजे कापलं नाही, असं होत नाही.”

मग झाकण ज्या चार खुंट्यांवर बसतं, त्यांच्याखाली वॉशर घालून ते उचलून बघितलं. खाली जागा झाली, पण झाकण वर बोनेटला जाऊन टेकलं. ताईचा नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, मधल्या भावासारखी गत आहे बिचाऱ्याची, खालून ढोसतात आणि वरून दाबतात. धाकट्याला हसू आलं नाही. त्याचा हात ग्राइंडरकडे चालला होता. ताईने उठून प्लग काढला आणि वायर स्वतःच्या खांद्यावर टाकली.

दोन दिवस ती नुसती पेटीकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मार्कर घेतला आणि त्या कोऱ्या करकरीत, चार महिने वाट बघून मिळालेल्या पेटीवर आडवी रेघ ओढली. भाऊ मध्ये आला.

“ताई, ती नवीन आहे.”

“म्हणूनच. जी मागून आली, तिनेच वाकायचं.”

शेजारच्या घरातल्या एका सासूबाईंनी हे वाक्य कुंपणापलीकडून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत आपल्या सुनेला तीनदा ऐकवलं. सुनेने मग ताईशी दोन दिवस अबोला धरला, पण ते असो.

पेटी कापणं सोपं. पातळ अॅल्युमिनियम पुन्हा जोडणं म्हणजे नाकी नऊ आणणारं काम. धातू तापला की सांगून सवरून वितळत नाही, एकदम खचतो. पहिल्या जोडानंतर पेटीची भोकं बंद करून ती पाण्याच्या टबात बुडवली. नवऱ्याने सायकलच्या पंपाने हवा भरली, आणि पाण्यात अशी बुडबुड्यांची माळ उठली की जणू आत मासाच शिजतोय. ताईने जोड घासून काढला. दुसऱ्या वेळी बुडबुडे नव्हते, पण पेटीचा तळ वाकडा झाला. इंजिनवर ठेवली की एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुलायची. ताईने तोही जोड कापला. भाऊ म्हणाला, आता पत्र्यापेक्षा जोडच जास्त झालेत, सोडून देऊ या, पुढच्या वर्षी बघू. ताईने मान वर न करता त्याला चिमटा धरायला लावला.

तिसऱ्या वेळी तिने एकेक इंच जोडला. मध्ये थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा एक इंच. असे चार दिवस गेले. उंची बारा मिलिमीटर कमी झाली, आणि आतली जागा जेवढी गेली तेवढी तिने बाजूला फुगवटा काढून भरून घेतली, कारण तिथे कोनाडा मोकळाच होता. नवरा म्हणाला, चाळिशीनंतर सगळ्यांचं असंच होतं, उंची वाढत नाही, मग माणूस बाजूने वाढतो. टबात एकही बुडबुडा आला नाही. वॉशर काढून झाकण मूळ उंचीवर बसवलं. गोळ्या वर-खाली दोन्हीकडे ठेवल्या आणि मोजल्या. सगळीकडे सहा मिलिमीटर.

भाऊ नाचायच्या बेतात होता. ताईने त्याला गाडीत बसवलं.

“उभ्या गाडीत सगळेच सभ्य असतात,” ती म्हणाली. “चढावर घे.”

पाण्याच्या टाकीमागच्या चढावर भावाने गाडी पिळली. परत येऊन बोनेट उघडलं, तर झाकणावरच्या उजव्या बाजूच्या गोळ्यांवर बोनेटच्या पत्र्याची नक्षी उमटलेली. जोर लागला की इंजिन एका अंगाला उचललं जात होतं आणि आपल्याबरोबर झाकणालाही नेत होतं. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती वीस वर्षांत मऊ पडली होती. भावाने कपाळावर हात मारला. ताई जॅक आणायला गेलीसुद्धा होती. रबरं बदलली. पुन्हा चढ, पुन्हा गोळ्या, आणि शेवटी पाचव्या खेपेला सगळ्या गोळ्या गोल राहिल्या.

शर्यतीच्या सकाळी तपासणीला गेल्या वर्षीचाच तपासनीस होता. तीच नखं, हातात छोटी बॅटरी. भाऊ दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. तपासनीसाने झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा, मग उलट दिशेने. मग झाकण उचललं, पालथं केलं आणि आतल्या कडांवर बॅटरी मारली, बरोबर जिथे भावाला घासायचं होतं तिथे.

“इथे सगळे घासतात,” तो म्हणाला.

“माहीत आहे, साहेब,” ताई म्हणाली.

लांब उभ्या भावाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तपासनीस मग पेटीवर वाकला. जोडांवर त्याने बराच वेळ बॅटरी धरली. झाकण वाचवायला एवढी पेटी कापलीत का, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, पेटी दुसरी मिळेल. त्याने झाकण स्वतःच्या हाताने परत बसवलं, बोनेट सोडलं. ते आपल्या वजनाने खटकन लागलं. त्याने शिक्का मारला.

पहिल्या फेरीत भाऊ एकोणीस गाड्यांत पाचवा आला. (गल्लीत आता हा आकडा दुसरा झालाय, पुढच्या वर्षी पहिला होईल.) फेरीनंतरही बोनेट उघडतात. तापलेल्या झाकणावर घासल्याची खूण नव्हती. तपासनीसाने वही काढली, गेल्या वर्षीचं पान उलटलं आणि त्या शेऱ्यावर काट मारली. भावाने वाकून ती काट नीट बघून घेतली. मग तो म्हणाला की पेटीचा फुगवटा अजून थोडा वाढवला असता तर चौथा नंबर सहज होता.

“तिसऱ्या वळणावर तू दोनदा अॅक्सिलरेटरवरून पाय काढलास,” ताई म्हणाली. “खालपर्यंत ऐकू आलं. झाकणाखालचं मी बघितलं, आता स्टिअरिंगमागचं तू बघ.”

दुसरी फेरी बाकी होती. भाऊ गुपचूप हेल्मेट घालून बसला. गाडी दिसेनाशी झाली, तशी ताई कठड्याला टेकून, मान खाली घालून ऐकत राहिली. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर ह्या वेळी आवाज तुटला नाही.