जत्रेचं आवतण
ओल्या घोंगडीचा वास आला की बीडच्या वसतिगृहाची गच्ची आठवते. आम्ही मेंढपाळ. माझ्या खोलीतला मित्र बागायतदाराच्या घरचा. आईने त्याला जत्रेला जेवायला बोलावलं होतं. घोंगडी वाळत घालताना मी तो निरोप दिला. तो म्हणाला, “येत न्हाई.” “कावून बे?” “राग येईल तुला.” “न्हाई येत. बोल.” तो खाली बघत म्हणाला, “आमचे आण्णा म्हणले, जातीवरून लई तापलंय, सध्या त्यांच्यात जेवायला जाऊ नको.” “आन् तू काय म्हणलास?” “बरं म्हणलो.” मला खरंच राग आला नाही, काय आलं, ते अजून सांगता येत नाही. संध्याकाळी दोघांनी दोन टोकं धरून घोंगडीची घडी घातली. आईला मी सांगितलं, त्याची परीक्षा आहे. दर जत्रेला ती विचारते, “संपली का रं त्याची परीक्षा?”