शेठना दाखवलेला पूर

माझं माहेर तिसगावकडचं. तिकडे पाहुण्याच्या हातात तांब्या देतानासुद्धा बाई आत डोकावून पाणी किती आहे ते बघते. त्यामुळे बेलापूरजवळचं, प्रवरेकाठचं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी मुलाच्या आधी नदी बघितली. "पानी हाय," एवढंच घरी येऊन सांगितलं आणि सुपारी फुटली. मुलगा पिंपरीला कंपनीत फिटर आहे आणि महिन्यातून एकदाच घरी येतो, हे मला हळद लागल्यावर समजलं. म्हणजे रोजचा संसार नदीशी, आणि नवरा पाहुणा.

सासरे गावचे सरपंच. मी त्यांना मामंजी म्हणायची. एकुलता एक मुलगा लांब राहतो हे त्यांनाही सलायचं, पण ते तसं बोलून दाखवत नसत. त्याऐवजी गावाच्या विकासावर बोलत. मोठा दुष्काळ सरला आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. सारा जिल्हा खडी फोडत होता तेव्हाही आपल्या डोहात पाणी होतं, मग कारखानदारांनी आपल्याकडे नाही यायचं तर कुठे जायचं? श्रीरामपूरला खेटे घालून घालून त्यांनी पुण्याचे एक शेठ गाठले. शेठना उसाच्या चिपाडापासून पुठ्ठा करण्याचा कारखाना काढायचा होता. "कारखाना आला की पहिला फिटर आपला," मामंजी जेवताना म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

शेठ आले ते दिवाळी झाल्यावर. ओवाळायला म्हणून आम्हा बायकांना घाटावर उभं केलं होतं, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मी डोळ्यांनी पाहिला. शेठ अंगानं किरकोळ, पांढऱ्या पॅन्टला डाग लागू नये म्हणून जपून पाऊल टाकणारे. मामंजींनी त्यांना थेट महादेवाच्या देवळाशी नेलं आणि भिंतीवर कोरलेली रेघ दाखवली.

"मागल्या पुराला पानी इथवर चढलं हुतं. नंदी पार बुडाला हुता."

शेठनी मान वर करून रेघ बघितली. "इथवर?"

मामंजींना वाटलं, शेठना पाणी कमी वाटलं. "ह्ये तर कायच न्हाई! म्होरं चला."

मग काय विचारता! जो तो आपापला पूर घेऊन पुढे सरसावला. एकाच्या घरातल्या कणगीत मासे सापडले होते. एकाची म्हैस वाहत जाऊन पार पुलापाशी जिवंत सापडली होती, तर तो ती म्हैसच दाखवायला घेऊन आला. शेठ तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली.

घाटाला लागूनच आमची मळई. नदीच्या गाळाचं काळंभोर रान, सगळ्या शिवारात असं दुसरं नाही. हे रान मामंजी कारखान्याला द्यायला निघाले होते. बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याला वाळलं गवत अडकलं होतं, ते त्यांनी काठीनं दाखवलं. "ते पुरानंच आनून टाकलंय बघा."

"अहो, पण माझ्या पुठ्ठ्याच्या थप्प्या इथंच राहणार ना?" शेठ म्हणाले. "त्या भिजल्या तर?"

"बिनघोर ऱ्हावा शेठ. भिजवायला पानी कंदी कमी पडायचं न्हाई."

मीसुद्धा तोवर कौतुकानंच ऐकत होते. दुष्काळी मुलखातली पोर मी, पाणी जास्त झालं म्हणून कुणाचं बिनसतं हे मला कुठं ठाऊक? पण तेवढ्यात शेठचा उतरलेला चेहरा दिसला. हा माणूस पळायच्या बेतात होता, आणि त्याच्याबरोबर माझा नवराही चालला होता.

जेवण आमच्याकडेच होतं, पुरणपोळीचं. मामंजी तूप न्यायला आत आले तेव्हा मी हळूच म्हटलं, "मामंजी, रस्त्याकडचा आपला माळ दावा की त्यांना. तिथं पूर येत न्हाई."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्यो मुरमाड माळ? जिथं कुसळ उगवत न्हाई तिथं पाव्हन्याला बसवू? गाव तोंडात शेण घालंल माझ्या." त्यांना खरंच लागलं होतं. पाहुण्याला घरातलं चांगलं तेच द्यायचं, हे त्यांच्या रक्तात होतं.

बाहेर शेठनी विचारलं, "पूर साधारण किती वर्षांनी येतो हो?"

"येतो शेठ, येतो," मामंजी धीर देत म्हणाले. "चार-दोन वरसांत येतोच. तुमी काळजी करू नका."

आता मात्र माझ्यानं राहवेना. पदर सावरला, पोळ्यांचं ताट घेतलं आणि बाहेर गेले. परक्या पुरुषांच्या पंगतीत सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. तरी बोलले, "शेठ, रस्त्याला लागून आमचा माळ हाय. लई उंच हाय."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. शेठनी मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच आशेनं मान वर केली. "कुठं?"

"सूनबाई तिसगावकडची," मामंजी हसत मध्येच बोलले. "दगुड दिसल्याबिगर तिला करमत न्हाई." सगळी पंगत हसली. पाहुण्यांना हसावंच लागतं, म्हणून शेठही हसले. मी आत येऊन तवा असा आपटला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दचकून उठल्याच.

होळीच्या सुमारास मामंजी बाजारातून आले ते हातपाय न धुताच ओट्यावर बसले. शेठनी दुसऱ्या तालुक्यात कारखाना धरला होता. कुठं? तर मुरमाड माळावर. नदीपासून पाइप टाकून पाणी वर नेणार होते.

"पाइपातनं," मामंजी म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पाइपातनं नेनार म्हनं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो संताप. त्या महिन्यात हे घरी आले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की कारखाना इकडे येत नसेल तर मीच तिकडे जाते. चाळीतली एक खोली का असेना. वाटलं होतं, मामंजी आकांडतांडव करतील. तसं झालं तर भांडायची माझी पूर्ण तयारी होती. पण जायच्या दिवशी माझी वळकटी त्यांनीच खांद्यावर घेतली आणि एसटीपर्यंत आले.

गाडी आली. हे सामान टपावर चढवत होते. मामंजी खिडकीशी आले आणि खाली बघत म्हणाले, "सूनबाई, तुजं आयकायला पायजे हुतं."

किती महिने मला हे ऐकायचं होतं! पण ते घरी, चुलीपुढे ऐकायचं होतं, तिथे एसटीच्या खिडकीत नको होतं. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "आत्याबाईंचं गुडघं दुखत्यात, पानी तुमीच भरा." दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी मान हलवली. गाडी वळेपर्यंत ते तिथेच उभे होते. मुलाला घरी आणायचं म्हणून तो माणूस एवढा झटला, आणि आता त्या घरात भाकरी दोघांपुरत्याच होणार होत्या.