आतून रंगीत, बाहेरून साधी

खडेबाजारात आमचं काचेचं दुकान आहे. जुन्या घरांतल्या रंगीत काचांच्या खिडक्या आम्ही जपून देतो. आतली खिडकी तशीच ठेवायची आणि बाहेरून साधी काच बसवायची, म्हणजे वारा, पाऊस, थंडी बाहेरच राहते. काम एवढंच! पण आमचे थोरले मिस्त्री आप्पा आणि मी ज्या घरात जातो, तिथून एखादा किस्सा घेऊनच परततो.

बेळगुंदीचे एक पाटील. शेती गावात, नोकरी शहरात, आणि कॅम्पात हौसेनं घेतलेला जुना बंगला. दोन काचांमधली दमट हवा निघून जावी म्हणून आप्पांनी बाहेरच्या काचेला वरखाली बारीक भोकं ठेवली. आमची पाठ वळताच पाटलांनी ती सिमेंटनं बुजवली.

"मुंग्या जातील की हो आत!"

पावसाळ्यात धापा टाकत दुकानात आले. "आप्पा, लवकर चला. खिडकीला मोतीबिंदू झालाय!"

निपाणीत एका घरी बाहेरची काच बसवूनही गारठा कमी होईना. कुठून वारा शिरतोय ते शोधायला आप्पा अगरबत्ती पेटवून चौकटीभोवती फिरवतात. धूर हलला की फट सापडली. आप्पा डोळे बारीक करून धूर बघत होते, तेवढ्यात घरातल्या काकू डोक्यावर पदर घेऊन नारळ घेऊन आल्या.

"हितंच फोडू?"

आप्पा धुरावरची नजर न काढता म्हणाले, "फोडा, पण काचंपास्नं लांब!"

संकेश्वरच्या रिटायर्ड हेडमास्तरांच्या खिडकीवर मोर रंगवलेला होता. आम्ही बाहेरून काच बसवणार म्हणून मास्तरांनी आदल्या दिवशी राख आणि काथ्या घेऊन मोर स्वतः घासला. नव्वद वर्षांची काजळी गेली, पण तिच्याबरोबर पिसाराही गेला.

"स्वच्छ झाला का न्हाय?"

"झाला की," आप्पा म्हणाले. "पर आता ती लांडोर झाली!"

वडगावात मात्र आम्हाला हसू आलं नाही. घर विणकरांचं. यंत्रमागाच्या हादऱ्यानं खिडकीतल्या शिशाच्या पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या आणि काचा खडखडत होत्या. मुलगा म्हणायचा, काढून अॅल्युमिनियमची बसवू. पण घरचे अण्णा ऐकत नव्हते. खिडकी त्यांच्या वडिलांनी हौसेनं बसवलेली.

अण्णा सूत आणायला गेले होते. आप्पा शिडीवर चढून एकेका काचेवर नखानं टिचकी मारत होते. मधल्या लाल काचेवर मारली, तर आवाज बद्द आला. आप्पांनी खाली बघितलं. अण्णांच्या पत्नी, आक्का, हात जोडून उभ्या होत्या.

"आप्पा, यांस्नी सांगू नकासा."

चार वर्षांपूर्वी जळमटं काढताना झाडूचा दांडा लागून लाल काच फुटली होती. अण्णा तेव्हा लग्नाला परगावी. आक्कांनी तिथं साधी काच बसवून घेतली आणि आपल्याच मागावरच्या लाल पातळाचा तुकडा सुताच्या खळीनं आतून चिकटवला. उन्हानं तो जरासा विटला होता.

"सासऱ्यांची आठवण हाय ती. कळलं तर हे जेवायचे न्हाईत."

मला फार वाईट वाटलं. चार वर्षं ही बाई रोज त्या खिडकीखाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आप्पांनी पट्ट्या आवळल्या, बाहेरून काच बसवली, आणि त्या लाल तुकड्याला हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी अण्णा आले. माग सुरू करून बघितला. खिडकी गप्प! अण्णा खूश झाले आणि आम्हा दोघांचे हात धरून खिडकीखाली घेऊन गेले. आक्का कांड्यांची टोपली घेऊन तिथंच बसल्या होत्या, मान खाली घालून.

"ती मधली लाल काच बघा, आप्पा. माझ्या बापानं निवडलेली. कारागीर लई मोठा असणार! तसला लाल माझ्या मागावर उतरवायला चार वर्षं झटतोय, अजून जमला न्हाय!"