जनरेटरमधलं डिझेल

अमरसिंग सरकारी दवाखान्याची अँब्युलन्स चालवतो. तांड्यावर कोणाची सून अडली की लोक आधी त्यालाच फोन करतात. एप्रिल त्याला नको असतो. जुन्या वर्षाचं अनुदान परत गेलेलं, नव्याचं आलेलं नसतं, डिझेलची बिलं मंजुरीत अडकलेली. मग तो पंपावर आपल्याच नावावर उधार भरतो. शेजारच्या आम्हा बायकांना ते त्याच्या घरच्या चहावरून कळतं. तो चहा महिनाभर काळा असतो.

अशाच एका एप्रिलच्या दुपारी तांड्यावरच्या भुरीबाईची सून बबिता बाळंत झाली. अमरसिंग भुरीबाईला याडी, म्हणजे आई म्हणतो, अन् ती त्याला भिया, म्हणजे भाऊ. रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला हलवा. एकशे आठची गाडी अपघाताकडे गेलेली, अन् अमरसिंगच्या गाडीचा काटा तळाला. त्यानं पंपवाल्याला फोन लावला.

"सरकारची गाडी अन् फकिराची टाकी! पह्यले मागचे दे."

तो कॅशच्या खिडकीकडे धावला. तिथं नानाजी केसपेपर, एक्सरेचे पैसे घेतात.

"नानाजी, आज जमा झाले तेवढे तं द्या!"

"आत्ताच बँकेत भरून आलो. अन् असते तरी ते डिझेलले लावता येत नाही, बाप्पा. माही नोकरी जाईन."

"अन् तिचा जीव गेला तं?"

नानाजींनी स्वतःच्या खिशातली शंभराची नोट पुढं सरकवली. तेवढ्या डिझेलात यवतमाळ कुठलं गाठायला!

डिझेल आता एकाच ठिकाणी होतं, दवाखान्याच्या जनरेटरमध्ये. पण बबिताचं बाळ ऑक्सिजनच्या मशीनवर होतं. पुरवठादाराचं बिल थकलेलं, म्हणून सिलेंडर नव्हता. ना वॉर्डात, ना गाडीत. बाळाला हलवता येत नव्हतं.

"लाईन गेली तं मशीन बंद पडन," निकिता सिस्टर म्हणाली. "मी काय करू मंग?"

"सकाळपासून गेली नाही ना?" अमरसिंगनं विचारलं.

"म्हणूनच भेव वाटते."

दोघंही भुरीबाईकडे बघू लागले. तिनं बाळाच्या कपाळावर हात ठेवला, मग उचलला.

"सुनेले ने, भिया."

सिस्टरनं जनरेटरच्या खोलीची किल्ली दिली. अमरसिंगनं नळी लावून सगळं डिझेल कॅनमध्ये ओढून घेतलं. थेंबही मागं ठेवला नाही. ठेवून भागणारच नव्हतं.

गाडी निघाली. मागं भुरीबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मधल्या गावात पिठाच्या गिरणीपुढं बायका डबे खाली ठेवून उभ्या होत्या. गिरणीचा पट्टा थांबलेला. गिरणीवाला बाहेर येऊन खांबावरच्या तारांकडे बघत होता.

अमरसिंगचा पाय ब्रेकवर गेला.

"काहून थांबला, भिया?"

"काही नाही, याडी. ढोर आडवं आलतं."

रस्ता मोकळा होता. त्यानं सायरन लावला, मागचा आरसा दुसरीकडे फिरवला अन् गाडी दामटली.