डॉक्टरचं पाणी

साठ सालच्या आगेमागे मी नागपूरला आरोग्यशास्त्राची वरची पदवी घेत होतो आणि समाजसेवेच्या हौसेनं दर सुटीत यवतमाळजवळच्या एका बंजारा तांड्यावर जाऊन ‘पाणी उकळून प्या’ असं बजावत होतो. सोबत अभ्यासाचं जाडजूड पुस्तक असायचं. तिथली एक म्हातारी माझं भाषण ऐकता ऐकता त्याच पुस्तकानं चुलीला वारा घालायची. तिच्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांच्या खळखळाटात निम्मं भाषण बुडायचं.

एकदा तिनं विचारलं, “उकळाले लाकडं कोन आनन? तुहा बाप?”

मी कुऱ्हाड घेऊन रानात गेलो आणि हाताला फोड आणून मोळी आणली. तिनं खरंच तांब्याभर पाणी उकळलं, निववलं आणि माझ्यापुढं ठेवलं. स्वतः मात्र मडक्यातलं गटागटा प्याली.

“तू पे बापा. नाजूक जीव हाये तुहा, अन् परीक्षाबी हाये.”

तेव्हापासून मी लांबून दिसलो की ती ओरडायची, “डाक्टर आला वं, त्याचं पानी ठेवा!”

तोंडी परीक्षेत माझ्या या फेऱ्या ठाऊक असलेल्या परीक्षकसाहेबांनी विचारलं, “तुमच्या प्रचारानं तांड्यावर किती जण पाणी उकळून पिऊ लागले?”

“एक,” मी म्हणालो. “मीच.”