माझ्या हातातली नीळ

मैंदर्गीहून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला धड दोन-चार कामं येत होती आणि गर्व मात्र शंभर कामांचा होता. त्यातला सगळ्यात मोठा गर्व धुण्याचा. परसात हातपंप होता. त्या पाण्यात सासऱ्यांचं धोतर धुऊन दोरीवर टाकलं की गल्लीतली माणसं मान वळवून बघायची. निदान मला तसं वाटायचं.

सासूबाई विचारायच्या, "नीळ घातलीस काय गं?"

"आमच्या गावाकडच्या पोरींच्या हातातच नीळ असती की!"

"असू दे. तेवढी भाकरीला लागू देऊ नको म्हंजे झालं."

भिंतीपलीकडं अक्का राहायची, अजून राहते. विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. तिच्याकडं पंप नव्हता. नळाच्या पाण्यात नीळ घालून धुवायची बिचारी, तरी कापडं पिवळसरच. मी भिंतीवरून तिला शिकवायची, "अक्का, पिळताना मनगट असं वळवायचं बघ." अन् ती गुणाची बाई खरंच वळवून बघायची. माझी अक्कल तेव्हा एवढी मोठी होती की शेजाऱ्यांना वाटल्याशिवाय संपत नव्हती.

नाल्यापलीकडं चादरी-टॉवेलांचं सूत रंगवायचा कारखाना होता. पुढं तो बंद पडला, गेट गंजलं, पण त्याचं पाणी जमिनीत मुरायचं ते मुरून बसलं. आता त्याच जागेवर जमिनीखालचं पाणी उपसून शुद्ध करायचं केंद्र बांधायचं ठरतंय. त्याची बैठक समाजमंदिरात भरली. इंजिनिअर बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. त्यावर एक लाल रेघ. रेघेच्या आतल्या बोअरचं पाणी केंद्रात जाणार, अन् काम होईपर्यंत आतल्या घरांना चांगल्या पाण्याचा टँकर मिळणार. आमची गल्ली रेघेच्या बाहेर.

"नाल्याच्या या बाजूला पाण्याला रंग आल्याची कुणाचीच तक्रार नाही," बाई म्हणाल्या.

आमच्या जुन्या पंपावर आता मोटर आहे. त्या पाण्यानं अंघोळ करून नातीची कोपरं लाल झालेली, पोरगी झोपेत खाजवते. सुनेनं मला कोपरखळी मारली, "आत्या, बोला की."

तेवढ्यात कोपऱ्यावरचे काका उठले. त्यांनी घर विकायला काढलंय. "आमच्या गल्लीचं पाणी म्हंजे अमृत! उगं रेघ वढून घरांचे भाव पाडू नका." हे अमृत काका स्वतः कधी पीत नाहीत. त्यांच्या दारात रोज विकतचा जार उतरतो.

मग मी उठले. नातीचं सांगायचं होतं, पण जित्याची खोड. आधी आपलं कौतुक. "रंग तर कदी दिसला न्हाय बाई. उलट आमचं पाणी लई चांगलं हुतं. नीळ न घालता धोतरं अशी..."

अन् मी तिथंच थांबले.

"नीळ न घालता काय, आजी?" बाईंनी विचारलं.

"बसा आजी, झालं की तुमचं," काका म्हणाले.

बसले असते तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण नात सुनेच्या मांडीवर बसून कोपर खाजवत होती. अक्काला तर सगळं माझ्या आधीच उमगलं होतं. तिनं तोंडाला पदर लावला होता अन् खांदे गदगदा हलत होते.

"नीळ न घालता निळसर पांढरी निघायची," मी म्हणाले. "मला वाटायचं, माजा हात."

सगळं समाजमंदिर हसलं. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं आली, आमच्या पंपाचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. तपासणीत जे निघायचं ते निघालं. रेघ नाला ओलांडून आमच्या परसातून गेली. काका माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं घर काही अजून विकलं गेलेलं नाही.

केंद्र अजून नकाशातच आहे, पण टँकर येतो. नातीची कोपरं निवत चालली आहेत. परवा म्हटलं, तिचा शाळेचा शनिवारचा पांढरा शर्ट मशीनला नको, आपल्या हातानं धुऊ. टँकरचं पाणी घेतलं, घासघास घासला, मनगट वळवून पिळला, दोरीवर टाकला. चांगला पिवळसर दिसत होता.

भिंतीवरून अक्काचं डोकं वर आलं. शर्टाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वैनी, मनगट जरा अजून वळवायचं की!"

मी तोंड फिरवलं. परत बघते तर भिंतीवर निळीची पुडी ठेवून ती आत निघून गेलेली.

बादलीत नीळ कालवली, शर्ट दोरीवरून काढला अन् परत बुडवला.