पदर ड्युटी

लोक विचारतात, "सिस्टर, हाडांच्या वॉर्डात कंटाळा येत नाही का हो? नुसते लटकवलेले पाय!" मी म्हणते, अहो, कंटाळा? तापाचा पेशंट चार दिवसांत बरा होऊन घरी जातो. आमचा पेशंट मात्र पायाने किंवा हाताने अडकलेला असतो, आणि तोंड अगदी ठणठणीत! वर त्याला भेटायला अख्खं गाव टेम्पो करून येतं. अशा ठिकाणी किस्से नाही साठणार तर कुठे साठणार? जळगावच्या या वॉर्डात माझी इतकी वर्षं गेली की आता घरी जेवायला बसले की मुलं आधीच विचारतात, "आई, आज कोण?"

*

साक्रीकडचा एक तरणाबांड गडी. मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशनपर्यंत पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाला वजन टांगलं होतं. स्नायू आखडून हाडाची टोकं एकमेकांवर चढू नयेत म्हणून ते लागतंच.

सकाळी सरांचा राउंड. सर पलंगापाशी थांबले आणि बघतच राहिले. दोरी सैल, वजन खाली स्टुलावर, आणि स्टुलावर चौघडी केलेली गोधडी! वजनाला लागू नये म्हणून!

गड्याची आई शेजारीच उभी. सरांवरच भडकली. "इतलं वजन मना पोरना पायले! तुमले दयामाया शे का नही?"

सर काही बोलायच्या आत आमच्या इन्चार्ज मालती सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, पेशंट रात्रभर जागा आहे. वजन मात्र छान झोपलंय."

मग मी आईला बाजूला घेतलं. म्हटलं, मावशी, हे वजन काढलं तर पोराचा पाय आखूड होईल, लंगडेल तो. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून ती त्या वजनापाशी पहारा देत बसली. झाडूवाली आली, हाकललं. फिजिओथेरपीवाले आले, त्यांनाही दुरूनच बोलायला लावलं. दोन दिवसांनी सरांनी सहज दोरीला हात लावला, तर तिने सरांच्याच मनगटावर चापट मारली!

*

त्याच सुमारास बायकांच्या बाजूला इंदूअक्का आल्या. पारोळ्याजवळच्या गावातल्या. खापरावरचे मांडे करावेत तर इंदूअक्कांनी, अशी पंचक्रोशीत ख्याती. लग्नघरी मांडे करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत येताना पडल्या आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. प्लेट टाकली, हाड छान बसलं. पण मनगट उठेना. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा, सुकलेल्या भाजीसारखा.

सरांनी समजावलं, "हाडाला चिकटून एक नर्व जाते. ती ताणली गेली आहे, तुटलेली नाही. स्नायूंना निरोप पोचायला वेळ लागेल. काही महिने. बहुधा येईल परत."

अक्का माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, बहुधा म्हंजे हो का नही?"

मी हसून पाणी दिलं.

आता मांडा करायचा म्हणजे पुरण भरलेला कणकेचा गोळा हातांवर खेळवत, मनगटं वर धरून पार कोपरापर्यंत पसरवायचा असतो. लोंबत्या पंजावर कसला मांडा नि कसलं काय! त्या रडल्या मात्र नाहीत. ऑपरेशनचं दुखलं तेव्हाही नाही.

रडल्या त्या तिसऱ्याच गोष्टीवरून. त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर नाना, डबा घेऊन आले. पांढरी टोपी, सरळ कणा, बोलणं मोजकं. वॉर्डाच्या दाराशी आले की आधी खाकरायचे. बायकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून, घरची जुनी रीत! नाना खाकरले आणि अक्कांच्या डोक्यावरून पदर घसरलेला. उजवा हात उठेना. डाव्या हाताला सलाइन.

"सिस्टर! मना डोकावर पदर टाकी द्या! नाना उनात!"

मी धावत जाऊन पदर ओढला. पाहते तर अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

*

आमच्या वॉर्डात भेटायला आलेला माणूस नुसता बसत नाही. पेशंटचे पाय दाबतो. प्रेमच तसं!

एकदा धरणगावकडून एक भला माणूस मामांना भेटायला आला. मामा चादर तोंडावर घेऊन झोपलेले. हा पायथ्याशी बसला आणि दाबायला लागला. पोटऱ्या, टाचा, बोटं, सगळं तब्येतीने. अर्धा तास गेला. मी गोळ्या द्यायला आले आणि म्हटलं, "भाऊ, तुमचे मामा तर एक्स-रेला गेलेत. ते पलीकडच्या पलंगावर असतात."

माणूस ओशाळून उठला. तेवढ्यात चादरीच्या आतून आवाज आला, "भाऊ, डावा पाय ऱ्हाई गया!"

आणि या गृहस्थांचा मोडला होता हात!

*

माझीही एकदा फजिती झाली. रावेरकडचे एक काका कंबर धरून ॲडमिट झाले. केळ्यांचा घड उचलताना उसण भरलेली. पोटऱ्यांना गोळेही येत होते. सर बघून गेले आणि मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. ओझं उचलताना कमरेत नाही, गुडघ्यांत वाका. पाणी भरपूर प्या. आणि हो, रोज केळी खात जा!

काका माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोकडे बघितलं. मग दोघं इतकं हसले की काकांची कंबर परत धरली.

"ओ सिस्टर," काका डोळे पुसत म्हणाले, "केयी त आम्ही इकतो. खाते कोन?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा एक अख्खा घड घेऊन वॉर्डात हजर. कमरेत वाकून त्याने तो खाली ठेवला. काका पलंगावरून ओरडले, "गुडघ्यात वाक रे, गुडघ्यात! सिस्टर पाह्यते!"

*

इकडे अक्कांचं प्रकरण वॉर्डाने अंगावर घेतलं होतं. नाना दर दोन दिवसांनी यायचे. सलाइन निघाल्यावर मी म्हटलं, अक्का, डाव्या हाताने घ्या ना पदर. त्यांनी कानावर हात ठेवला, तोही डावाच. "मोठा मानूसनी समोर डावा हात? छे!" मालती सिस्टरांनी पदराला पिना लावून दिल्या. अक्का म्हणाल्या, "पिना लायेल पदर, तो काय पदर शे?"

मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "अक्का, हे हॉस्पिटल आहे. इथे कोण बघतंय?" त्या म्हणाल्या, "मी बघस ना." मी पदर सारखा करून दिला.

शेवटी मालती सिस्टरांनी नियमच केला. दाराशी खाकरणं ऐकू आलं की जी जवळ असेल तिने हातातलं काम टाकून अक्कांचा पदर सावरायचा. पदर ड्युटी! नवीन आलेल्या सिस्टरला इंजेक्शनची ट्रॉली दाखवायच्या आधी आम्ही ही ड्युटी समजावून सांगायचो. एकदा भलताच कुणीतरी खाकरला आणि तिघी तीन दिशांनी धावत अक्कांवर आदळलो.

हसायचो आम्ही, पण मनातून धास्ती होती. रोज त्यांची बोटं हलवून द्यायची, सांधे आखडू नयेत म्हणून. मनगटाला आधाराची पट्टी बांधायची. रोज म्हणायचं, "अक्का, उचला मनगट." अक्का हाताकडे डोळे वटारून बघायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि पंजा जागचा हलायचा नाही. टाके निघाले, घरी गेल्या, दर महिन्याला दाखवायला यायला लागल्या. तरी तेच.

"हात उठना नही तं मांडा कोन करी?" एकदा हळूच म्हणाल्या. मला घरी जेवण गेलं नाही.

*

मधल्या काळात पिंप्राळ्याच्या एका रिक्षावाल्या दादांचं प्लास्टर कापायचं होतं. प्लास्टरच्या आत खाज सुटते, ती कुणाला सुटली नाही! आम्ही घसा फोडून सांगतो, आत काही घालू नका, जखम होईल. दादा म्हणाले, "मी? आई शप्पथ, काही घातलं नाही!"

कटर चालला. प्लास्टर उघडलं. आत कपाशीच्या पऱ्हाटीची एक काडी, अर्धा कंगवा, आणि एक निळा बॉलपेन.

मालती सिस्टर पेनाकडे बघतच राहिल्या. त्यांचाच! महिनाभर या पेनासाठी त्यांनी अख्ख्या स्टाफवर संशय घेतला होता. माझी तर पर्सही तपासली होती!

सुदैवाने दादांच्या कातडीला ओरखडाही नव्हता. दादांनी पेन उचलला, प्लास्टरच्या तुकड्यावर रेघ ओढली आणि अदबीने परत केला. "घ्या मॅडम. अजून चालतो."

*

आणि मग तो दिवस.

अक्का दाखवायला आल्या होत्या. नाना नेहमीप्रमाणे बाहेर. ओपीडीत ते कधी सरांच्या दारापाशी येत नसत, लांब टोकाच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचे. मी फाइल घेऊन निघाले तर त्यांनी मला थांबवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन बोलले.

"सिस्टर, खरं सांगा. हात उठी का?"

मी म्हटलं, "नाना, मागच्या वेळी स्नायूंत थोडी जान दिसली होती. सर म्हणतात, यायला हवा आता. पण अक्का इतक्या धसक्याने हाताकडे बघतात की सगळा हात ताठ होतो. विसरून उठला तर उठेल."

नानांनी मान हलवली. बस्.

आत सरांनी पट्टी सोडली. अक्कांचा हात टेबलावर. "उचला." अक्कांनी डोळे वटारले. घाम आला. पंजा तसाच. "पुन्हा." नाही. सर पेन घेऊन काही लिहायला लागले. त्यांचा तो चेहरा मी ओळखते, मी पट्टी परत बांधायला उचलली. अक्कांची मान खाली गेली आणि पदर खांद्यावर घसरला.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

सवयीने मी पुढे धावले. अर्ध्यातच थांबले.

पदर डोक्यावर होता. कपाळापर्यंत, नीट. आणि तो चिमटीत धरून ओढणारा हात उजवा होता, मनगट ताठ वर!

सरांचा पेन कागदावर थांबला. मी तोंडावर हात ठेवला. अक्का आमच्याकडे बघायला लागल्या. "काय व्हयनं? असं काय देखतस? नाना उनात ना..." आणि मग त्यांना स्वतःचा हात दिसला.

किती वेळ आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो, हसलो, देव जाणे! सरसुद्धा चष्मा पुसत होते. छातीवरचा दगड उतरला बाई एकदाचा!

नानांना सांगायला मी दार उघडलं. दारात कुणीच नव्हतं. नाना लांब टोकाच्या बाकावर, डबा मांडीवर, खिडकीबाहेर बघत बसलेले.

मी धावतच गेले. "नाना, तुम्ही आत्ता दारापाशी येऊन खाकरलात?"

नानांनी टोपी सारखी केली.

"मी? मी तं आठेच बठेल शे," ते बाकावर थाप मारत म्हणाले, आणि टोपीच्याच टोकाने डोळे पुसले.